डिकीभर फुलं आणि एक काडी

नर्सरीत जायला मी रागानंच निघालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. रविवारची सकाळ. मी नुकता पेपर उघडलेला, आणि बायको चपला घालून दारात उभी. "अहो, कलम तयार झालंय. चला."

हे कलम म्हणजे तिच्या आईच्या अंगणातला दुरंगी गुलाब. ते घर विकलं गेलं आणि नव्या मालकानं गुलाब मुळासकट उपटला. त्याआधी बायकोनं एक फांदी नर्सरीवाल्याच्या हवाली केली होती. तेव्हापासून त्या फांदीची जेवढी चौकशी झाली, तेवढी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची कधी झाली नाही.

नर्सरीत रंगांचा नुसता उच्छाद! लाल, पिवळा, जांभळा, आणि एक तर असा की त्याला नाव द्यायचीही भीती वाटावी. बायको प्रत्येक फुलापुढे थांबून "अगं बाई, काय रंग आहे!" म्हणतेय आणि मी उन्हात उभा. (माझाही रंग बदलत होता, पण त्याचं कौतुक कोणाला?) शेवटी तिनं फर्मावलं, "कलम ट्रॉलीत आहे, गेटपाशी. डिकीत ठेवा. मी जरा जास्वंदी बघून येते."

गेटपाशी दोन ट्रॉल्या. एकीत फुलंच फुलं. दुसरीत एक कुंडी आणि तिच्यात खोचलेली दोन पानांची काडी. आता तुम्हीच सांगा, वर्षभर माझं डोकं खाल्लं ते काय काडीसाठी? मी फुलांची ट्रॉली डिकीत रिकामी केली. काडीवाली मध्ये येत होती, ती पायानं ढकलून दिली.

घरी डिकी उघडली आणि बायकोचा आवाज चढला. "आईचा गुलाब कुठाय?"

"असेल की यातलाच एखादा!"

"यात एक तरी गुलाब आहे का?"

मला काय ठाऊक! "फुलं तर आहेत ना? उलट जास्तच आणलीत."

तिचे डोळे भरून आले. मग तिच्यावरचा राग मी नर्सरीवाल्यावर वळवला. (राग फुकट घालवणं मला जमत नाही.)

तावातावानं बायकोला घेऊन परत गेलो, तर गेटपाशी खुर्चीत एक टकले गृहस्थ लालबुंद होऊन ओरडत होते. "दिवसाढवळ्या चोरी! पैसे भरलेली ट्रॉली साफ केली मेल्यानं!"

"अहो, आमचंही तेच!" मी बाह्या सरसावल्या. "असल्यांना फोडून काढायला हवं."

"निर्लज्ज!"

"अक्कलशून्य!" मी भर घातली. "बिनडोक!"

"पण मीही कच्चा नाही," ते म्हणाले. "त्याची काडी धरून बसलोय. फुलं मिळेपर्यंत सोडणार नाही." आणि त्यांनी मांडीवरची कुंडी दाखवली.

"आईचा गुलाब!" बायको किंचाळली.

मी गुपचूप डिकी उघडली. गृहस्थांनी एकदा डिकीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. त्यापुढचे शब्द इथं देत नाही. त्यातले दोन मीच त्यांना पुरवले होते.

यथावकाश काडीला पहिलं फूल आलं, लाल कडांचं, पिवळं. खोटं कशाला बोलू, मीही बघतच राहिलो. बायको इतकी खूश झाली की मला पुन्हा नर्सरीत घेऊन गेली. भरलेली ट्रॉली तिनं गेटपाशी लावली आणि म्हणाली, "मी जरा आत जाऊन येते. लक्ष ठेवा हं."

"ठेवतो ना!" मी छाती काढून म्हणालो.

"तुम्हाला नाही हो," ती म्हणाली आणि नर्सरीवाल्याकडं वळली. "दादा, यांच्यावर लक्ष ठेवा."