सायकली पालथ्या घालणारे आप्पा

श्रीवर्धनात सायकलवरून आलेल्या माणसाला आमच्या शेजारच्या आप्पांनी आधी "या, बसा" म्हटल्याचं मला आठवत नाही. ते आधी त्याची सायकल पालथी घालत. एकदा खुद्द मामलेदार आत ताक पीत असताना त्यांची सायकल अंगणात चाकं वर करून पडली. मामलेदार खवळले. आप्पांनी फ्रेमच्या सांध्यांवरून बोट फिरवून निकाल दिला, "बर्मिंगहॅम. न्या आता."

"अहो, पुढे बिल्ल्यावर लिहिलंय की ते!"

"बिल्ला खोटं बोलतो. सांधा खोटं बोलत नाही."

सुपारीची वाडी करणाऱ्या माणसाला हे खूळ कशानं लागलं, ते गावाला ठाऊक होतं. तोंडावर काढायची छाती मात्र कुणाची नव्हती. आप्पांचा धाकटा भाऊ विसू जन्माचा डावरा. आईबाप लवकर गेले, आप्पांनीच त्याला वाढवलं आणि ते वळण मोडायचा चंग बांधला. एका श्रावणीला चारचौघांत विसूनं तीर्थासाठी डावा हात पुढे केला. आप्पांनी त्यावर पळीच हाणली. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या तसा विसू मुंबईला गेला, तो गेलाच. सायकलींच्या फ्रेमा जोडतो, एवढीच खबर आली आणि मग तीही थांबली. आप्पा मुंबई धुंडाळून हात हलवत परतले. साथीत गेला असेल, असं कुणी म्हणालं की आप्पा त्याच्याशी बोलणं टाकत.

मग एकदा दिवेआगरचे नवे मास्तर माझ्याकडे आले. सायकल कोरी करकरीत, बिल्ला विलायती. आप्पा गडगा ओलांडून आलेच. सायकल पालथी पडली, बोट फिरू लागलं आणि मध्येच थांबलं.

"मास्तर, ही कुठली?"

"गिरगावातून घेतली. का हो?"

आप्पांनी माझा हात धरून सांध्यावर टेकवला. "कानशीचे ओरखडे बघ. रंगाखालून लागतायत. उजव्या हाताचा माणूस असे ओढील काय रे? रहाटाचं लोखंड अस्संच घासायचा तो."

मला ओरखडे सगळे सारखेच. पण आप्पा मातीत बसून "आहे रे, आहे" म्हणत रडायला लागले, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. मास्तरांनी दुकानाचा पत्ता सांगितला.

पुढच्या बोटीनं आप्पा गेले आणि विसूला घेऊनच उतरले. केस पिकलेला, हातांवर भाजल्याचे डाग. दुपारी पंगतीला आम्ही शेजारीही होतो. विसू डावा हात मांडीखाली दाबून बसला होता आणि उजव्यानं कसाबसा वरणभात कालवत होता. भात पानाबाहेर सांडत होता.

आप्पा तुपाचं भांडं घेऊन त्याच्यासमोर थबकले.

"विसू, तुला जमतं त्या हातानं जेव."

आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून जेवायला सुरुवात केली.