दहा टक्के

मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात कारकून आहे. एका मीटिंगमध्ये साहेबांनी इलेक्ट्रिक गाडी कोणाकोणाकडे आहे असं विचारलं आणि मी हात वर केला. (चोवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदाच येत होतं.) तिथेच माझं वाटोळं झालं.

नव्या योजनेत नाव गेलं. आठवड्यात घरी दुहेरी चार्जर बसला. गाडी त्याला जोडून ठेवायची; शहरात विजेची मागणी वाढली की गाडीतली वीज उलट कंपनीच्या लाइनीत जाणार आणि मागणी उतरली की गाडी पुन्हा भरणार. मोबाइलच्या अ‍ॅपने ‘किमान टक्केवारी’ विचारली. गाडीतली निदान किती वीज द्यायची, असा मी अर्थ लावला आणि उदार मनाने दहा टाकले.

ते गाडीत किती शिल्लक ठेवायची, हे विचारत होतं.

सोमवारी बायकोची मुलाखत होती. मुलांच्या पायी तिची शिकवण्याची नोकरी सुटली, त्याला अकरा वर्षं झाली होती. मुलाखतीची शाळा साठ किलोमीटरवर, वेळ चारची. महिनाभर ती आरशासमोर उत्तरं पाठ करत होती. त्या दुपारी भयंकर उकडत होतं, गावभर एसी सुरू होते. कंपनीने वीज मागितली आणि आमच्या गाडीने ती मुकाट्याने दिली.

पावणेतीनला तिचा फोन आला.

“अहो, गाडीत दहा टक्केच आहे.”

आवाज अगदी शांत होता. मी तिला धीर धरायला सांगून योजनेच्या हेल्पलाइनला मोबाइल लावला. समोरच्या टेबलावरचा फोन वाजला. तो मीच उचलायचा असतो. मी उचलला, दोन्ही कानांनी स्वतःचं “हॅलो” ऐकलं आणि ठेवून दिला. नियमाप्रमाणे तक्रार मात्र नोंदवली. (निवारणाची मुदत सात दिवस.)

टॅक्सी मिळेपर्यंत सव्वातीन वाजले. ती पोहोचली तेव्हा मुलाखत घेणारे उठून गेले होते. शिपायाने तिला पाणी दिलं आणि जागा भरल्याचं सांगितलं.

संध्याकाळी मी घरी आलो. ती मुलाखतीच्या साडीतच स्वयंपाकघरात बसली होती, फाइल मांडीवर. मी माफी मागितली. दोनदा. तिने मान हलवली, तीही माझ्याकडे न बघता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. धीर द्यावा, म्हणून आपल्या विजेवर एखादं हॉस्पिटल चाललं असेल, असं म्हणालो. त्यावर तिने फोन उचलला आणि माझ्या आईला लावला. स्पीकरवर.

“आई, तुमचा मुलगा परत घेता का?”

पलीकडे आईने नाक ओढलं. मला वाटलं, गहिवरली असेल.

“नाही गं बाई,” ती म्हणाली, “आमचं कनेक्शन एकेरी आहे.”