जावईबापूंचं पातळ तेल

बजरंगाच्या जीपचं इंजिन जाम झालं त्याला जबाबदार आबासाहेब. जावई नाही. जावयाला जबाबदार धरताच येत नाही, कारण तो अधिक महिना होता आणि अधिक महिन्यात जावई नारायण असतो. नारायणाकडून चूक होत नसते. चूक होते ती त्याचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावणाऱ्या सासऱ्याकडून.

आबासाहेब म्हणजे बजरंगाचे वडील. गंगाखेडजवळच्या गावात त्यांचा थोडा ऊस आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर मतं. बोअर कुठं घ्यायचा, म्हैस कुठली घ्यायची, पोरगी कुठं द्यायची, सगळं त्यांनाच ठाऊक. बोअरला पाणी लागलं नाही तर दोष जमिनीचा, म्हैस आटली तर दोष म्हशीचा. अशा माणसाचे केस पांढरे झाले की लोक त्याला अनुभवी म्हणायला लागतात. (त्याच त्या चुका आयुष्यभर केल्या की अनुभव होतो, हे बजरंगाला फार उशिरा कळलं.)

बजरंगाचं स्वतःचं म्हणाल तर तो परभणीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायला गेला आणि दुसऱ्याच वर्षी बाडबिस्तरा गुंडाळून परत आला. का आला हे घरात कुणी विचारलं नाही. (विचारलं असतं तरी त्याला धड सांगता आलं नसतं.) पण तेव्हापासून त्याच्या शब्दाचा भाव पडला तो पडलाच. ‘आभाळ आलंय’ म्हणाला तरी आबासाहेब विचारायचे, “डिप्लोमा पुरा केलास का?”

तरी गड्यानं कारखान्याला ऊस ओढणारे दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवून चालवून एक जुनी डिझेल जीप घेतली होती. दार ओढून लावावं लागायचं, सीटमधून काथ्या डोकावायचा, पण आरसी बुकात नाव त्याचं होतं. आणि नशिबानं जीपला काम चालून आलं होतं. गंगाखेडच्या एका खाजगी शाळेला परभणीहून शिक्षिका आणायला-पोचवायला गाडी पाहिजे होती. शाळेच्या मालकीण नर्मदाबाई. हसणं त्यांनी बहुतेक निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलं असावं. त्या म्हणाल्या, “सोमवारी मला परभणीला ने आणि परत आण. गाडी कुठं अडली नाही, तर काम तुझं.”

एवढीच परीक्षा. बजरंगाला आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला बसावंसं वाटलं.

आणि शनिवारी दाजी आले.

दाजी म्हणजे बहिणीचा, राजेश्रीचा, नवरा महारुद्र. हिमाचलात कुठल्याशा धरणाच्या कंपनीत स्टोअरला होता. कामगारांना बूट, हातमोजे आणि तेलाचे डबे मोजून द्यायचे, हे त्याचं काम. बॉनेट त्यानं बाहेरूनच पाहिलेलं. पण डोंगरात राहून आलेल्या माणसाचं ज्ञानही उंचावरचं असणार, अशी सासुरवाडीची समजूत होती. तीन वर्षांनी आलेला धोंड्याचा महिना, लांबून आलेला जावई, त्यात बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी.

धोंड्याला जावयानं घ्यायचं असतं. ह्या जावयानं येताना आणलंही. बॅगेतून त्यानं तेलाचे दोन चकचकीत डबे काढून आबासाहेबांपुढं ठेवले.

“मामा, बजरंगच्या जीपसाठी. फुल सिंथेटिक. झिरो डब्ल्यू ट्वेंटी. आमच्याकडे साहेबांच्या गाड्यांत हेच असतं.”

आबासाहेबांनी डबा कपाळाला लावला. “ऐकलंस का गं सुमन? लोकाचे जावई अंगठी मागत्यात. आपल्यानं तेल आणलं!”

सुमनबाईंनी, म्हणजे बजरंगाच्या आईनं, डब्यांना हळदकुंकू लावलं.

बजरंगानं डबा हातात घेऊन आकडे वाचले. डिप्लोमात तो ज्या मोजक्या तासांना जागा होता, त्यातला एक तेलावरचा होता. पहिला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. बर्फात गाडी सकाळी सुरू व्हावी म्हणून तेल पातळ लागतं. परभणीच्या उन्हात, त्यातही झिजून सैल झालेल्या म्हाताऱ्या डिझेल इंजिनाला, दाट लागतं. तो जीपमध्ये वीस-पन्नास टाकायचा. काळं, दाट, काकवीसारखं.

“दाजी, हे थंडीकडचं तेल हाय. आपल्याकडं उन्हात पाणी होईल त्याचं.”

“अरे, पातळ तेल झटकन सगळीकडे पोचतं. दाट तेल म्हणजे इंजिनाला ओझं. आमच्याकडे दाट टाकलं तर सकाळी त्याचं तूप होतं.”

“तुमच्याकडं बर्फ हाय. हितं तुपाचंच तेल व्हायलंय.”

आबासाहेबांनी हात वर केला. हा हात वर झाला की घरात एखाद्या चांगल्या गोष्टीचा शेवट होतो.

“बज्या, उन्हाळ्यात ताक कसं पितुस? दाट का पातळ?”

“ताकाचा काय संबंध, आबा?”

“पातळ पितुस! पातळ ताक पोटाला थंड पडतंय. मंग इंजिनाला उन्हाळ्यात दाट कशाला? त्याला काय जीव न्हाई?”

दाजी खूश होऊन म्हणाला, “एक्झॅक्टली, मामा.”

“आबा, इंजिन ताक पीत नसतंय—”

“डिप्लोमा पुरा केलास का?”

संपला विषय. स्वयंपाकघराच्या दारातून राजेश्रीनं भावाला खुणेनं आत बोलावलं. कुजबुजली, “बजू, ह्यांचं काई ऐकू नको. ह्यांनी कुकरची शिट्टी नीट केल्यापून आमी भात पातेल्यात करायलाव.”

“मंग भाईर येऊन सांग की!”

“धोंड्याच्या महिन्यात? नवऱ्याबद्दल? मायच्या देखत?” असं म्हणून ती पुरण वाटायला बसली.

आबासाहेबांनी स्वतः उभं राहून जुनं तेल काढायला लावलं. जावयाच्या हातून नवं ओतून घेतलं. ओतताना सुमनबाईंनी जीपला ओवाळलं. बजरंग नरसाळं धरून उभा होता. स्वतःच्याच गाडीच्या तेराव्याला आलेल्या माणसासारखा.

रात्री त्यानं आईला गाठलं. “माय, मी हे तेल काढून टाकतो. सोमवारी मॅडमला न्यायचंय मला.”

“आरं, दाजीच्या मनाला लागंल. सोमवारी ते जायलेत. ते गेल्यावर काय टाकायचं ते टाक, रॉकेल टाक.”

“पण सोमवारीच तर—”

“एका दिसानं काय हुतंय?”

आईच्या ह्या एका वाक्यानं मराठवाड्यात जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्काळानंही केलं नसेल. पण बजरंग ते ऐकून मनातल्या मनात शिव्या देत झोपला. जीप त्याची, चावी त्याच्या उशाखाली, तेल काढायचा पाना हाताशी. तरी झोपला. घरात राहून शिव्या देणारी पोरं असंच करतात. शिव्या देतात आणि झोपतात.

सोमवारी आबासाहेबांनी जाहीर केलं, “जावईबापूंची परभणीहून रेल्वे हाय. जीप जायलीच हाय. नारायणाला काय एस्टीत उभं करू?”

बजरंग म्हणाला, “आबा, मॅडमनी गाडी बघायला घेतलीय. वऱ्हाड न्यायला न्हाई.”

“मी बोलतो बाईसंगं. मी हाय न्हवं?”

तेच तर दुखणं होतं. राजेश्री माहेरीच मागं राहिली, दाजी पुढच्या सीटवर बसला. मागच्या बाकावर आबासाहेब, धोंड्यांची टोपली, अनारशांचा डबा, आणि ह्या सगळ्याला गुडघे लावून नर्मदाबाई. गंगाखेड सुटेपर्यंत त्या टोपली गुडघ्यानं मागं रेटत होत्या. आबासाहेब मात्र त्यांना शाळा कशी चालवावी हे सांगत राहिले. नर्मदाबाई तीस वर्षं शाळा चालवत होत्या.

दैठणा मागं पडलं आणि डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. बजरंगानं गाडी बाजूला घेतली.

“का थांबला?” मागून नर्मदाबाई.

“ऑइलचं प्रेशर पडलंय, मॅडम. जरा थंड होऊ द्यावं लागंल.”

दाजी वळून म्हणाला, “मॅडम, काही नाही. पातळ तेलाला प्रेशर कमीच असतं. नॉर्मल आहे. दिव्याला सवय नाही अजून.”

“रेल्वे चुकंल!” आबासाहेब कडाडले. “लाल दिवा तर देवापुढं बी असतुय. चल!”

आणि बजरंग निघाला. कारण ‘गाडी कुठं अडली नाही, तर काम तुझं’ हे शब्द त्याच्या कानात वाजत होते. थांबावं तर काम जातं, चालवावं तर इंजिन जातं. त्यानं हळूहळू चालवायचा मध्यममार्ग काढला आणि दोन्ही घालवलं.

पोखर्णीच्या अलीकडं इंजिनातून आधी टकटक आली, कुणीतरी आतून दार वाजवतंय अशी. मग खडखड. मग एक आवाज, हाड मोडल्यासारखा. जीप भर रस्त्यात उभी राहिली. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

“उतरा. कडेला घ्यावी लागंल,” बजरंग म्हणाला. “दाजी, तुमी आन् आबा ढकला, मी स्टेरिंग धरतो.”

आबासाहेबांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. “काल ज्यांचे पाय धुतले, त्यांना गाडी ढकलायला लावतुस? नरकात जागा मिळंल का तुला? जावईबापू, तुमी बसा स्टेरिंगवर. आमी ढकलतो.”

“आमी म्हंजे कोण, आबा?”

आबासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. “बाई हायेत की.”

भर दुपारी, डांबर उकळत असताना, बजरंगाच्या जोडीनं एका शाळेच्या मालकिणीनं पर्स काखोटीला मारून जीप ढकलली. आबासाहेब ढकलत नव्हते, ‘हय्या’ म्हणत होते. आत नारायण स्टेरिंग धरून बसले होते, आणि नारायणांना गाडी चालवता येत नव्हती हे तेव्हा कळलं. पुढचं चाक थेट कडेच्या नालीत गेलं. नर्मदाबाईंचा पदर बाभळीच्या फांदीत अडकला.

त्यांनी पदर शांतपणे सोडवला. काटा काढला. मग बजरंगाकडं बघून म्हणाल्या, “गाडी बंद पडली, हे मी एखाद्या वेळी सोडलं असतं. पण ज्या गाडीत ड्रायव्हर सोडून सगळेच ड्रायव्हर असतात, तिच्यात माझ्या शिक्षिका बसणार नाहीत.”

“मॅडम, एक बार बघा, मी तेल बदलतो, इंजिन—”

“तेलाचा काय संबंध?”

त्यानं सांगितलं असतं, पण तेवढ्यात परभणीची एस्टी आली. आबासाहेबांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून ती थांबवली. दाजीच्या हातात टोपली दिली, अनारसे दिले, भर रस्त्यात वाकून पाया पडले. नर्मदाबाईही चढल्या आणि मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. बस हलली तसा दाजीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“बजरंग, तेल एकदा चेक करून घे रे!”

परभणीच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि बजरंगाला चहा पाजला. मिस्त्री चहा पाजतो तेव्हा समजायचं. बेअरिंगचा भुगा झाला होता, क्रँक गेला होता. नवं इंजिन घालायचं तर जीप दोनदा विकावी लागली असती. ती एकदाच विकली, भंगारवाल्याला.

आबासाहेब पारावर आजही सांगतात, “जावईबापूंनी लय भारी तेल आणलं होतं. पण गाडीच हलक्या जातीची निघाली. पचलं न्हाई तिला.” ऐकणारे मान डोलवतात. त्या सगळ्यांचेही केस पांढरेच आहेत.

शाळेनं पूर्णा गावच्या सिद्धोधन नावाच्या एकाची नवी गाडी लावली. सिद्धोधनला ड्रायव्हर पाहिजे होता आणि तो रस्ता पाठ असलेला माणूस गंगाखेडात एकच रिकामा होता. गाडीत आबासाहेब नसणार म्हटल्यावर नर्मदाबाईंनीही हरकत घेतली नाही. चावी देताना सिद्धोधननं एवढंच बजावलं, “भाऊ, चालव कशीबी, पण तेलाला हात लावू नको. तुझं नाव ऐकलंय.”

बजरंगाची जीप गेली, शाळेचं काम दुसऱ्याच्या गाडीला मिळालं, आणि ती गाडी आता तो पगारावर चालवतो.