तात्या बोलत नाहीत

भानुदास तात्यांनी पहिल्याच भेटीत माझ्यावर उपचार केले. मी शिरूर कासारच्या दवाखान्यात समुपदेशक. लोकांनी मन मोकळं करायचं आणि मी ऐकायचं, असा माझा पगारी धंदा. तात्यांनी समोर बसत विचारलं, "मॅडम, सासू कशीय?" अर्ध्या तासानं मी डोळे पुसत होते आणि तात्या समजावत होते, "मनात ठिवू नका. बोललं की लई हलकं वाटतंय. सोमवारी बसू."

तात्या जन्मभर ऊसतोड्यांचे मुकादम. टोळी जमवायची, उसाच्या फडावर न्यायची, तिथली भांडणं मिटवायची. बायको वारली तशी त्यांची जेवण-झोप उडाली, म्हणून फडावर निघायच्या आधी मुलानं त्यांना माझ्याकडे आणून सोडलं. तात्यांच्या मते मात्र आजारी मीच होते.

एकट्यानं दाद देईनात म्हणून गटात बसवलं. तिथं तर त्यांना आयती टोळीच मिळाली. खुर्च्या लावणं, हजेरी घेणं, सगळं तेच करत. कुणी गप्प बसलं की, "बोल की रं! लाजतूस कशाला? मॅडम काय खाती का तुला?" बायकोशी भांडून आलेल्याला त्यांनी फर्मान काढलं, "आज घरी जाऊन भांडी घासायची." आणि त्यानं घासली. माझं असं कधी कुणी ऐकलं नाही. स्वतःची पाळी आली की तात्यांना पंख्याचा आवाज ऐकू यायचा. "ह्याला तेल न्हाई बगा," म्हणत ते स्टुलावर चढायचे.

शेवटी मोठे डॉक्टर वैतागले. "हे गृहस्थ सहकार्य करत नाहीत. नाव कमी करा." खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. गट पांगल्यावर मी तात्यांना म्हटलं, "पुढच्या सोमवारपासून येऊ नका."

तात्या उठले. पटका बांधायला लागले, पण पीळ बसेना.

"मॅडम, कारभारीण रोज ईचारायची, तुमाला काय होतंय. मी सांगायचो न्हाई. सांगितलं तर ईचारायचं बंद करील की! आता पोरगं-सून फडावर. घरात ईचारायला कोन हाय? तुमी तेवढं ईचारता." पटका तसाच काखेत मारून म्हणाले, "सांगून टाकलं आसतं, तर तुमी म्हणला आसता, तात्या बरे झाले, जावा घरी."

खुर्ची जवळ ओढून मी विचारलं, "तात्या, काय होतंय तुम्हाला?"

तात्या हळूच खाली बसले. खिडकीकडं बघत म्हणाले, "परत ईचारा."