कडेवरची बंदूक

एका फोटोतून तिघांचा फायदा ठरलेला होता. मुखरूला बायको मिळणार होती. त्याच्या आईला, रुखमाबाईला, धान कांडायला आणखी दोन हात मिळणार होते. आणि सोयरीक शोधत गावोगाव चपला झिजवण्यातून रामाजीमामाची सुटका होणार होती. तोट्याच्या रकान्यात कोणाचंच नाव नव्हतं.

अडचण एकच होती. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरली की नाटक होई, आणि त्या नाटकात मुखरू सात वर्षं राणीचं काम करत होता. इतकं चांगलं, की राणी वनवासाला निघाली की म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत. या कौतुकापायीच दोन सोयरिकी मोडल्या होत्या. "तो लुगडं नेसणारा पोरगा का?" एवढं कोणी विचारलं की पाहुणे चहासुद्धा अर्धा टाकून उठत. म्हणून सावली गावच्या इसरूकडे, त्याच्या लेकीसाठी, वच्छलेसाठी शब्द टाकताना मामानं शपथच घेतली होती, "पोरानं नाटकाचं तोंड पाह्यलं नाई!"

इसरू कमी बोलणारा माणूस. "मंग फोटो धाडा," तो म्हणाला. "पोरगी म्हणते, फोटो पाहीन अन् मंगच बोलीन."

ही गोष्ट पंचावन्न सालची. मामानं मुखरूला मोटारीत घातलं आणि चांद्याला पत्रूजींच्या स्टुडिओत उभं केलं. "मर्द दिसला पाह्यजे," मामानं बजावलं. पत्रूजींकडे मर्द दिसण्याचं सगळं सामान तयारच होतं. खुंटीला काळा कोट होता, कोपऱ्यात लाकडी बंदूक होती, मागे रंगवलेला राजवाडा होता. राणीच्या कामासाठी मुखरूला मिशी ठेवता येत नसे, तीही पत्रूजींनी काजळानं ओढून दिली.

"आता सहज उभे राहा," ते म्हणाले.

मुखरू उभा राहिला. शिपायानं धरून आणलेला माणूस राहतो तसा.

"अहो, सहज!"

"सहजच उभा आहो जी."

"श्वास घ्या की मग."

"तुम्हीच म्हनलं, हालू नोको."

"श्वास घेतल्यानं माणूस हलत नाही."

"मले सवय नाई जी."

"कशाची? श्वासाची?"

मामाला राहवलं नाही. "डोळे मोठे कर गा! वाघ पाह्यल्यावानी पाह्य!"

मुखरूनं डोळे मोठे केले. मामा वैतागला. "वाघ तू पाह्यला का वाघानं तुले?"

तेवढ्यात फोटो उमटायची पहिली काच वाया गेली. पत्रूजींनी मामाला पान खायला बाहेर धाडलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, सगळं विसरा. जिथं तुम्हाला कोणाचीच भीती वाटत नाही, अशी एक जागा डोळ्यांपुढे आणा."

मुखरूजवळ अशी जागा एकच होती. तिसरा अंक. घोर अरण्य. राजकुमार कडेवर, समोर राक्षस, आणि राणी त्या राक्षसाला चार शब्द सुनावते तो प्रवेश. मुखरूचे खांदे हळूच उतरले. मान कलली. कंबर एका बाजूला झुकली. खांद्यावरची बंदूक आपसूक घसरत कडेवर आली, आणि त्याची बोटं तिच्या दस्त्यावर थोपटायला लागली.

पत्रूजी तेव्हा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात होते. आतल्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी एकच शिस्त लावून घेतली होती, चेहरा तेवढा पाहायचा. आणि चेहरा तर लोण्यासारखा मऊ झाला होता.

"वा! असंच राहा!" त्यांनी फोटो घेतला. "असा चेहरा महिन्यातून एखादाच मिळतो."

मामा परत आला तेव्हा मुखरू कोट खुंटीला लावून काजळ पुसत होता. पुन्हा चांद्याची खेप नको म्हणून मामानं पत्रूजींना दोन पत्ते लिहून दिले. एक प्रत थेट सावलीला, एक घरी.

घरची प्रत आठव्या दिवशी आली. रुखमाबाईनं ती उजेडात धरली.

"का गा मुखरू," ती म्हणाली, "बंदुकीले दूध पाजून राह्यला का?"

मामा फोटो हिसकून डाकवाल्यामागे धावला. सावलीचं पाकीट अडवता येईल का? डाकवाला म्हणाला, "मामा, ते तर कालच पोचलं असन."

दुसऱ्या दिवशी इसरूची बैलगाडीच दारात उभी राहिली. चेहरा कडक. पाणीही न घेता त्यानं फोटो खाटेवर ठेवला.

"हे काय हाय?"

"फोटोवाल्याची चूक, इसरूभाऊ," मामा घाईनं म्हणाला. "त्याची काच वाकडी होती."

"काच वाकडी, म्हणून पोरगं बाईवानी उभं?"

मामानं मुखरूकडे पाहिलं. तिसरी सोयरीक दारातून जायला निघाली होती, आणि तिला अडवायला आणखी एक थाप पुरेशी होती. मुखरू पुढे आला.

"मामानं खोटं सांगतलं. सात वरसं झाले, मी नाटकात राणी करतो. अन् सोडणार नाई."

रुखमाबाईनं डोळे मिटून घेतले.

"मले माहीत हाय," इसरू म्हणाला. "पोरीनंच ओळखलं. मागच्या मंडईत मावशीसंगं आली होती तुमच्या गावी." त्यानं घसा खाकरला. "मले हे पसंत नाई. पण तिनं आधी दुसऱ्या दोन पोरांचे फोटो पाह्यले. दोघंही याच कोटात, हेच बंदूक घेऊन. म्हणे, बाबा, हे तर मलेच गोळी घालतीन असे पाहून राह्यले. अन् हा पाह्यला, तं हासतच सुटली."

"हासली?" मुखरूचा चेहरा पडला.

"हासली. अन् म्हणे, ज्यानं बंदूक कडेवर घेतली, तो लेकरू बी घेईन." इसरूनं आता पाण्याचा गडवा उचलला. "मी काय बोलू त्यावर?"

दोन वर्षांनी मुखरू पुन्हा त्याच स्टुडिओत उभा होता. या खेपेला पत्रूजींना काही सांगावंच लागलं नाही. त्याच्या कडेवर लेक होती, कंबर नेहमीसारखी झुकलेली होती, श्वास चालू होता. अवघडली होती ती वच्छला. मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला कळेना.

"सहज उभ्या राहा," पत्रूजी म्हणाले.

तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली बंदूक उचलली आणि खांद्यावर टाकली. "असं?"

"असंच!" कापडातून आवाज आला.

आता हिशेब. मामाची शपथ बुडीत खाती गेली. इसरूचं "पसंत नाई" वाया गेलं. पत्रूजींची एक काच गेली. गावाला काही भरावं लागलं नाही, उलट राणी गावातच राहिली. आणि मुखरूनं काय गमावलं म्हणाल, तर मर्दानगी. पण ती स्टुडिओचीच होती. कोटाबरोबर त्यानं ती तेव्हाच खुंटीला परत लावली होती.