उसना सोमवार

“चंदे, व्रत मोडायचं न्हाई. आजारी पडलीस तर घरातल्या कुनाला तरी दे, पर मोडू नगंस!” सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, तरी चंद्राबाईंच्या कानात हे शब्द ताजे होते. आणि आता नेमकी तीच वेळ आली होती.

पोटात डावीकडं खाली कळ, अंगात ताप. पुण्याला स्कॅन केला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डायव्हर्टिक्युलायटिस!” नाव ऐकूनच नवरा, म्हणजे आपले बहिरूदादा, खुर्चीत बसले.

बाईंनी समजावलं, “जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगे येतात ना? तसे मोठ्या आतड्याला आलेत. त्यातला एक सुजलाय. फुटला तर पोटात पू होईल, ऑपरेशन करावं लागेल. अजून फुटलेला नाही, म्हणून गोळ्या वेळेवर आणि सध्या फक्त पेज, वरणाचं पाणी. सूज उतरली की हळूहळू भाज्या, फळं, भरपूर पाणी. उपास मात्र बंद!”

बंद? एकतीस वर्षांचे सोमवार आणि गुरुवार! आपल्या गावी, मालेला परतताना चंद्राबाई गाडीत बोटांवर वार मोजत होत्या. घरी येताच त्यांनी वाटणी केली. गुरुवार सून दिशाला.

“द्या आई, मी तशीही डाएटवरच आहे!”

सोमवार बहिरूदादांना.

“आण हिकडं! येक दिस न्हाई खाल्लं तर मरतोय व्हय मी? तू बिनघोर पेज पी!”

सोमवारी आठच्या आत साबुदाण्याची खिचडी, तीन रताळी, चार केळी आणि तांब्याभर दूध पोटात गेलं. “उपास लई सोपा हाय की!” म्हणत दादा गोळ्या आणायला पौडला गेले. दहाला परतले ते मिशा पुसत, अगदी संताच्या चेहऱ्यानं!

चंद्राबाईंनी पेजेची वाटी तोंडाला लावली, तोच फोन. पौडचा हॉटेलवाला शब्बीर!

“वैनी, दादा गोळ्यांची पिशवी हितंच इसरले बगा. तिच्यावर वाईच तर्री सांडलीय, पर म्या पुसून ठेवलीय. मिसळ आवडली न्हवं इचारा त्यास्नी. पाव तर सात खाल्ले!”

वाटी खाली आली.

“माझा सोमवार मोडला. आता पेज नको.”

“अगं, त्यो फुगा फुटंल!”

“फुटू दे.”

आवाज इतका हळू की दादांना दरदरून घाम आला. चंद्राबाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं!

“मामा, काहीतरी करा ना!” दिशा सासऱ्यांकडं बघत रडकुंडीला आली.

“करतो! म्हनशील त्ये करतो! तुजी शप्पत!” दादांनी बायकोपुढं हात जोडले.

“सोळा सोमवार करा. दिवसातून एकदाच फळं खायची आणि देवळात अनवाणी जायचं.”

“सोळा? अगं, त्ये तर पोरी करत्यात, चांगला नवरा मिळावा म्हनून!”

“मग?” चंद्राबाई शांतपणे म्हणाल्या, “मला मिळावा म्हणून करा.”

दिशा हसू दाबत आत पळाली. दादा पौडहून तर्रीच्या वासाची पिशवी घेऊन परत येईपर्यंत वाटीतली पेज संपली होती.

पुढच्या सोमवारी चंद्राबाईंना जाग यायच्या आत बहिरूदादांची अंघोळ उरकली. चहाचं नावसुद्धा काढलं नाही. बेलाची पानं टोपीत घेतली, चपला दारातच ठेवल्या, आणि घरातल्या कुणाची झोप मोडू नये म्हणून “आई गं” देखील मनातल्या मनात म्हणत ते खडीच्या वाटेनं देवळाकडं निघाले.