शमुवेलकाकांची तीन देवळं

आमचे शेजारी शमुवेलकाका जठारपेठेतल्या एका सायकलच्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढतात. दुकानदार दर वेळी म्हणतो, "काका, चपला राहू द्या, खाली खिळे असतात."

"असू दे बाप्पा. तुह्या पंक्चरच्या टबापाशी वेदी होती आमची!"

अकोल्यातली काकांची लुथरन ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम वीस-बावीस घरं. चर्चला ती देऊळच म्हणतात. पहिलं देऊळ या दुकानाच्या जागी टिनाच्या खोलीत भरायचं. दुसरं स्टेशनकडे, विटांचं, कौलारू. तिसरं त्याच जागेवर आत्ता बांधलेलं, स्लॅबचं. हा सगळा इतिहास लिहायचं काकांनी मनावर घेतलं आणि माझं अक्षर बरं म्हणून मला लेखनिक केलं.

"लिवजो, मास्तर," असं म्हणून ते सुरू करायचे. कौलं किती, विटा कुठल्या भट्टीच्या, घंटेचा दोर कितीदा तुटला! दुसऱ्या देवळाच्या भिंतीला भेग होती, तिच्यावरच अकरा पानं झाली. खाली काळी माती. उन्हाळ्यात भेगेत काकांची दोन बोटं जायची, पावसाळ्यात पोस्टकार्डही जायचं नाही.

"काका, माणसांबद्दल काही सांगा ना," मी एकदा म्हणालो.

"माणसाइचं मंग पाहू. आदी खिडक्या लिव."

पुढे एका पावसाळ्यात भेग मिटलीच नाही. भिंत कलली, देऊळ पाडावं लागलं. काका रोज स्टूल घेऊन समोर बसत. त्याच साली काकांच्या पत्नी रूथकाकू गेल्या. आमच्या वहीत त्यांच्यावर एक ओळही आली नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

नव्या देवळाच्या समर्पणाला काकांनी मलाही नेलं. खुर्च्यांवर नवरा-बायको, मुलंबाळं एकत्र बसली होती. पाळकसाहेबांनी काकांना इतिहास वाचायला बोलावलं. "दहा मिनिटं हं, काका."

दहा मिनिटांत काका भेगेपर्यंतच पोचले. लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा त्यांनी वही मिटली.

"तवा माणसं इकडे बसत, बाया तिकडे," ते म्हणाले. "रूथ तिसऱ्या बाकावर, भिंतीकडून. मले इकडून तिचा अंबाडा दिसे, बस. चाळीस वर्षं म्या देवळात तिचा अंबाडाच पाह्यला. गाताना तिचं तोंड कसं दिसते, मले मालूमच नाई."

काकांनी खुर्च्यांवरच्या जोड्यांकडे पाहिलं.

"आता जोडीनं बसता. लय चांगलं केलं तुमी."

ते येऊन माझ्या शेजारी बसले. पाळकसाहेबांनी घसा खाकरून गीताचा क्रमांक सांगितला. सगळे उठले, काकाही उठले. पहिलं कडवं त्यांनी खणखणीत म्हटलं. दुसऱ्याला ते नुसतेच उभे होते, बायकांच्या आवाजाकडे कान लावून.